इथलं इथेच

गाडीत बसण्याआधी काका दार उघडून सीटच्या कडेला टेकायचे, पाय बाहेरच ठेवायचे आणि बूट काढायचे. मग दोन्ही बूट तळव्याला तळवा लावून आपटायचे, शाळेत फळा पुसून झाल्यावर आपण डस्टर आपटायचो तसे. पांढरी धूळ उडायची. मग मोजे झटकणं, मग पँटची दुमड उलटी करून त्यातली भुकटी बोटाने काढणं. हा सोहळा पुरा झाला की म्हणायचे, "इथलं इथेच." आणि आमच्याकडे बघायचे. म्हणजे आता तुमची पाळी.

तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? स्वच्छतेचं वेड असलेला एक तरी माणूस प्रत्येक इमारतीत असतो. मलाही तेच वाटायचं. गाडी मुकादमभाईंची होती, तिच्या सीटा फिक्या रंगाच्या होत्या, आणि काका दुसऱ्याच्या वस्तूला फार जपायचे. म्हणून आम्ही सगळे निमूटपणे बूट आपटायचो. कारण कुणी विचारलं नाही. आपल्याकडे मोठ्या माणसाने काही करायला सांगितलं की आधी करून टाकायचं आणि मग घरी जाऊन नावं ठेवायची, अशी पद्धत आहे.

काका आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. दोहाच्या अल सद्द भागातली आमची इमारत म्हणजे पुणे, नाशिक आणि मुंबईचा एकावर एक रचलेला डबा. त्यात काका सगळ्यांत वरचे आणि सगळ्यांत जुने. मूळचे सिन्नरकडचे. गॅस कंपनीत पाइपलाइन तपासायचं काम. उंच, किडकिडीत, डोक्यावर नेहमी एक पांढरी सुती टोपी, जी काकूंच्या मते लग्नाच्या आधीपासूनची होती. बोलणं हळू, पण एकदा मनात घेतलं की हलायचे नाहीत.

त्यांनी मनात घेतलेली गोष्ट म्हणजे झेक्रीतचे डोंगर. हिवाळा सुरू झाला की शुक्रवारी सकाळी ते घरोघर बेल वाजवत फिरायचे. "चला, उठा. डोंगराला जायचंय." शुक्रवार म्हणजे आमची सुट्टी. आदल्या रात्री जागून, सकाळी लोळून, दुपारी बिर्याणी खाऊन संध्याकाळी मॉलमध्ये गारठायचं, एवढी साधी स्वप्नं असतात नोकरदार माणसाची. त्यात मी साताऱ्याची. डोंगर बघून बघून डोळे भरलेली. डोंगर म्हणजे हिरवा, नाहीतर निदान काळा तरी. वाळवंटात डोंगर असतो यावरच माझा विश्वास नव्हता.

पहिल्यांदा गेले ती काकूंच्या आग्रहाखातर. अल रय्यान मागे पडलं, उंटांच्या शर्यतीचं मैदान मागे पडलं, मग किती तरी वेळ नुसती सपाट, तपकिरी जमीन. मी मनातल्या मनात बिर्याणीचा निरोप घेत होते. तेवढ्यात मुकादमभाईंनी गाडी कच्च्या वाटेला घातली आणि समोर पांढरं काहीतरी उभं राहिलं. खडूचे डोंगर. म्हणजे खरोखर खडूसारखे, नखाने खरवडलं तर भुकटी निघेल असे. वाऱ्याने खालून पोखरलेले, वर कठीण दगडाची टोपी, अगदी आपल्याकडच्या अळंब्या. त्यांच्या मागे फिकट निळा समुद्र. कुठेही एक आवाज नाही. मला फारसं काही आवडत नाही, हे माझ्या घरचे सांगतील. पण त्या दिवशी मी बराच वेळ गप्प उभी होते, आणि काका लांबून माझ्याकडे बघून नुसते हसले.

हा सगळा भाग राखीव आहे. वाळवंटातली हरणं, ज्यांना इथे रीम म्हणतात, समुद्राकाठचे पक्षी, वाळूतल्या घोरपडीसारख्या धब, काटेरी बाभळी, सगळं जपण्यासाठी राखलेलं. काकांना यातलं फार कळायचं असं समजू नका. झाडांची नावं ते ठोकून द्यायचे. पक्ष्यांचं तर काडीचं कळत नव्हतं. कुठलाही पक्षी दिसला की टोपी सारखी करून सांगायचे, "चंडोल." एकदा समुद्रावरून एक भलामोठा पक्षी पायात मासा धरून गेला, तोही चंडोल. मुकादमभाई म्हणाले, "साहेब, चंडोल मासे खातो?" काका जराही न डगमगता म्हणाले, "इथला खात असेल."

मुकादमभाई श्रीवर्धनचे. सूक वाकिफ या जुन्या बाजारात मसाल्याच्या दुकानात होते, पुढे भागीदार झाले. काकांची आणि त्यांची दोस्ती लवंग-वेलदोड्यावरून सुरू झाली आणि डोंगरावर जाऊन पोचली. गाडी त्यांची, वाट काकांची. आणि वाटेबाबत काकांचा दुसरा नियम होता: आधीच्या गाड्यांची चाकोरी सोडायची नाही. बाजूला मोकळं मैदान असलं तरी नाही. मुकादमभाई कधी वैतागून म्हणायचे, "यल्ला साहेब, जरा सरळ घेऊ, ऊन चढतंय." काका मान हलवायचे. चाकोरी मोडा म्हणून सांगणारी माणसं मी आयुष्यभर ऐकत आले. चाकोरी सोडू नका म्हणणारा हा एकच भेटला, आणि त्याचंच मला पटलं. त्या सपाट जमिनीवर एकदा चाक उमटलं की ते वर्षानुवर्षं तसंच दिसतं.

मागच्या हिवाळ्याच्या सुरुवातीला काकांच्या निवृत्तीचं नक्की झालं. आखातात निवृत्ती म्हणजे काय, हे इथे राहिलेल्यालाच कळतं. नोकरी संपली की राहण्याचा परवाना संपतो. ज्या शहरात केस पिकले, त्या शहरातून सामान बांधून निघायचं. मार्चमध्ये जायचं ठरलं. काकू शांत होत्या, त्यांना नाशिकला नातवंडं होती. काकांनीही तक्रार केली नाही. फक्त एकदा जिन्यात मला थांबवून म्हणाले, "ताई, शुक्रवारचं तुम्ही बघाल का?"

मी म्हटलं, "काका, मला पहाटे उठवायला तुम्ही नसाल तर मीच येणार नाही, बाकीच्यांना काय उठवणार?"

ते हसले, पण डोळे हसले नाहीत. शुक्रवार बंद पडेल याची त्यांना धास्ती होती. आणि त्याहून मोठी धास्ती म्हणजे चालू राहील, पण ढोल-स्पीकर आणि कोळशाच्या शेगड्यांसकट चालू राहील.

त्याच सुमाराला आमच्या मजल्यावर अनघा राहायला आली. पुण्याची, चटपटीत, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात झारा घेऊन दोन्हीकडे लक्ष देणारी. सोबत आर्या ही लेक, आठवीतली. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत. अनघा पहिल्या शुक्रवारी आली आणि डोंगराच्या प्रेमात पडली. दुसऱ्या शुक्रवारी तिने निघायची वेळ, डब्यांची वाटणी, पाण्याच्या बाटल्या, सगळं फोनवर लावून दिलं. काका माझ्या कानाशी म्हणाले, "सापडली." मुलीला स्थळ सापडावं तसा चेहरा होता त्यांचा.

आणि मग संक्रांत आली.

काकूंचं दोहातलं शेवटचं हळदीकुंकू. सगळ्या बायका येणार. अनघाने जाहीर केलं की काकूंच्या दारातली रांगोळी ती काढणार आणि तोवर कुणी वर यायचं नाही. वरच्या मजल्याच्या बोळात काळी चकचकीत फरशी होती. आम्ही गेलो तेव्हा त्या काळ्या फरशीवर झेक्रीत होतं. ते टोपीवाले डोंगर, मधली वाट, मागे समुद्राची रेघ, खाली एक हरीण. सगळं एकट्या पांढऱ्यात, कडेला तेवढी गुलाबी वेलबुट्टी. मी रांगोळ्या बघून नाक मुरडणारी बाई आहे, पण ही बघून मला भरून आलं. काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

अनघा काकांना म्हणाली, "काका, ओळखा बरं, ही रांगोळी कुठली आहे?"

"झेक्रीतची," काका म्हणाले.

"चित्र नाही हो, भुकटी. तिथलेच दगड आणले मागच्या शुक्रवारी. रिकाम्या डब्यात भरून. आधी खलबत्त्यात कुटले, मग मिक्सरमधून काढले. भांडं कायमचं गेलं, पण तुमच्या दारात तुमचाच डोंगर आला की नाही?"

आपल्याकडे रांगोळी दगडाचीच असते. पांढरा, मऊ दगड बघून मराठी बाईच्या मनात दुसरं काय येणार? बायका वाहवा करू लागल्या. काका मात्र तसेच उभे. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू कुणीतरी फडक्याने पुसल्यासारखं गेलं. मग त्यांनी स्वतःला सावरलं, हात जोडले आणि म्हणाले, "फार सुंदर काढलीत." त्यांनी चपला काढल्या आणि भिंतीला अंग घासत, रांगोळीच्या कडेकडेने आत गेले.

हळदीकुंकू संपलं, तिळगूळ वाटून झाला, बायका गेल्या. मी काकूंबरोबर भांडी आवरून बाहेर आले तर काका बोळात मांडी घालून बसलेले. हातात पोस्टकार्डासारखा एक पुठ्ठा. त्याने ते रांगोळी एका स्टीलच्या डब्यात भरत होते. कडेच्या वेलबुट्टीतला गुलाबी रंग चुकून मिसळला होता, तो ते चिमटीने वेगळा करत होते. काकू दारात येऊन म्हणाल्या, "उभ्या जन्मात कधी तांदूळ निवडले नाहीत. आता रांगोळी निवडतायत." काका निवडत राहिले. तेव्हाच अनघा विसरलेलं ताट न्यायला वर आली.

तिने बघितलं. काकांना वाटलं असणार की आता सांगितलं पाहिजे. ते हळूच म्हणाले, "ताई, ते इथलं नाही ना. परत नेऊ या."

अनघाचा चेहरा लाल झाला. ती म्हणाली, "काका, एवढ्या मोठ्या डोंगरातले चार दगड. आणि तुम्हीच म्हणता ना गाडी खराब करू नका, मी डब्यात आणले, गाडीत कणही सांडला नाही."

काका तिच्याकडे बघतच राहिले. माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच कळत होतं, आम्ही सगळे बूट कशासाठी आपटत होतो.

ती ताट न घेताच खाली गेली. दोन दिवसांनी मला म्हणाली, "मी नाही येणार आता. मी काय चोर आहे का?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तिचंही पटत होतं आणि काकांचंही, आणि दोघांचंही पटणं यासारखी दुसरी पंचाईत नाही. फोनवरची तिची आखणी बंद झाली. त्या शुक्रवारी कोण येणार, कुणालाच माहीत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी काकांनी बेल वाजवली ती आधी अनघाची. मी माझ्या दारातून ऐकत होते. ऐकू नये असं वाटलं, पण दार लावलं नाही. काकांच्या हातात तो स्टीलचा डबा होता. ते म्हणाले, "अनघाताई, चूक माझी आहे. मी नुसता नियम सांगत राहिलो, कारण कधी सांगितलं नाही. आता हे पोचवायला जायचंय, आणि जागा तुम्हालाच माहीत आहे. तुमच्याशिवाय होणार नाही."

 मग आर्याचा आवाज आला, "मम्मा, आय रिमेंबर द स्पॉट." आणि अनघा म्हणाली, "थांबा, ओढणी घेते."

आता पुढची गंमत ऐका. एका राखीव क्षेत्रात, आडबाजूच्या डोंगरापाशी, दोन म्हातारे, दोन बायका आणि एक मुलगी डबा उघडून पांढरी भुकटी हाताळतायत, हे दृश्य बघून पहारेकऱ्याला काय वाटेल? त्याची गाडी येऊन थांबली. उंच, सावळा, सुदानी माणूस, चेहऱ्यावर एक रेषा हललेली नाही. त्याने डब्याकडे बोट केलं. मुकादमभाईंनी अरबीत बोलायला सुरुवात केली, आणि जसजसे ते समजावत गेले तसतसा तो आणखी बुचकळ्यात पडत गेला. दारात? दगडाच्या पुडीने? चित्र? शेवटी अनघाने फोन काढून रांगोळीचा फोटो दाखवला.

त्याने फोन हातात घेतला. फोटो मोठा केला. एकदा फोटोकडे, एकदा समोर बघितलं. मग मागच्या बाजूच्या एका डोंगराकडे हात करून काहीतरी म्हणाला. मुकादमभाई हसले. "म्हणतो, हा डोंगर तो आहे. पण त्याच्या टोपीला डावीकडे चीर आहे, ती ताई विसरल्या."

अनघा हसली. रडवेली हसली, पण हसली. पहारेकऱ्याने डोंगराच्या पायथ्याशी, चाकांच्या खुणांपासून लांब अशी जागा दाखवली. मुकादमभाई "शुक्रन, शुक्रन" करत राहिले.

काकांनी डबा अनघाच्या हातात दिला. आणि ती ओतायच्या आधी, डोंगराकडे बघत, ते जे बोलले ते मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकलं नव्हतं.

"आमच्या गावामागे एक टेकडी होती. मुरुमाची. लहानपणी तिच्यावर गुरं घेऊन जायचो. जो तो एक ट्रॅक्टर भरून न्यायचा. कुणी घराला, कुणी रस्त्याला. प्रत्येकाला वाटायचं, मी एकच तर नेतोय. आमच्या वडिलांनीही एकच नेला. मी कॉलेजातून परत आलो तेव्हा टेकडी नव्हती. खड्डा होता." ते थोडं थांबले. "आमच्या घराच्या जोत्यात आहे ती. अजून गेलो की मी जोत्यावर बसतो. पण जोतं म्हणजे टेकडी नव्हे ना, ताई."

 अनघाने वाकून डबा रिकामा केला. आणि नेमका त्याच क्षणी समुद्रावरून वारा आला. अर्धी भुकटी जमिनीवर पडली, अर्धी आमच्या अंगावर. मुकादमभाईंची कलप लावलेली काळीभोर दाढी पिठाच्या गिरणीत काम केल्यासारखी झाली. आर्या पोट धरून हसत होती. मग आम्ही सगळे तिथेच, त्याच जागी, एकमेकांना झटकत बसलो. काका सगळ्यांच्या पाठी झटकत होते आणि दर पाठीला एकदा म्हणत होते, "इथलं इथेच. इथलं इथेच."

त्यानंतर अनघाने शुक्रवार पुन्हा हातात घेतला. काकांनी पुढे होऊन काही सांगणं सोडलं. गाडीत मागे बसायचे आणि नुसतं बघायचे.

त्यांचा शेवटचा शुक्रवार मार्चच्या सुरुवातीला आला. ऊन तापायला लागलं होतं. काका त्या दिवशी एकटेच लांबवर चालत गेले. बाभळीपाशी थांबले, समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. एक छोटा पक्षी सरळ वर उडाला, हवेत शीळ घालत उलटापालटा झाला आणि खाली झुडपात पडल्यासारखा उतरला. आर्याने फोनवर शोधून सांगितलं की हा खरंच चंडोलाच्या जातीतला आहे. काकांना सांगितलं तर म्हणाले, "मी तर पहिल्यापासून सांगतोय."

परतताना आम्ही सगळ्यांनी बूट-चपला आपटल्या. काका मात्र सरळ गाडीत येऊन बसले. दार ओढून घेतलं. बूट पांढरेफटक, पँटच्या दुमडीत भुकटी भरलेली. ते समोर काचेतून डोंगराकडे बघत होते.

विसरले होते की विसरायचं ठरवलं होतं, मला अजून कळलेलं नाही. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मुकादमभाईंनी किल्ली फिरवली नाही, पण बोललेही नाहीत. माझ्या मनात आलं, नेऊ दे. आयुष्य इथे घातलं या माणसाने, बुटाला लागून चिमूटभर गेली तर काय बिघडलं? मला खात्री आहे, सगळ्यांच्याच मनात तेच होतं.

अनघा खाली उभी होती. तिने त्यांच्या बाजूचं दार उघडलं. तिचा आवाज कापरा होता, पण शब्द स्पष्ट होते.

"काका, बूट."

काकांनी वळून तिच्याकडे पाहिलं. मग पायांकडे पाहिलं. मग सावकाश पाय बाहेर काढले, सीटच्या कडेला टेकले आणि बूट काढले. तळव्याला तळवा लावून आपटले. त्या दिवशी ते बराच वेळ आपटत होते. मोजे झटकले. दुमड उलटी केली. अनघाने वाकून दुसऱ्या पायाची दुमड उलटी केली. ते "इथलं इथेच" म्हणतील म्हणून आम्ही वाट बघत होतो. त्यांनी डोळे पुसले आणि मुकादमभाईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "खलास. आता मी जायला मोकळा."

पुढच्या आठवड्यात ते गेले. नाशिकहून अधूनमधून फोन येतो. गावाजवळच्या एका उघड्या माळावर झाडं लावायला जातात म्हणे, आणि तिथल्या सगळ्या पक्ष्यांना चंडोल म्हणतात. काकूंनी ही बातमी मला तक्रार म्हणून सांगितली, पण आवाजात तक्रार नव्हती.

इथे यंदाचा हिवाळा सुरू झाला आहे. शुक्रवारी सकाळी बेल वाजते. मी उशी कानावर घेते, दोन-चार शिव्या घालते आणि उठते. अनघाचं वेळापत्रक काकांपेक्षा कडक आहे. काकांची मागची जागा मात्र रिकामी ठेवायची असं कुणी न ठरवताच ठरून गेलं होतं. मग माणसं वाढली आणि तीही भरली. ते बरंच झालं.

परवा एक नवं जोडपं आलं होतं, मुंबईचं. परत निघताना आम्ही सगळे रांगेने सीटच्या कडेला बसून बूट आपटायला लागलो तशी त्यातली मुलगी गोंधळली. शेजारी आर्या होती. तिलाच तिने विचारलं, हे काय, गाडी खराब होऊ नये म्हणून का?

आर्याने आपले बूट तळव्याला तळवा लावून आपटले. धूळ खाली बसेपर्यंत थांबली. मग आमच्या या पोरीने, जिने आजवर मला एका वाक्याचंही उत्तर मराठीत दिलं नव्हतं, सांगितलं, "नाही. इथली पद्धत आहे."